टी-पेशींवरचे सीडी६९, सीडी२५ आणि सीसीआर५ मोजायचे कसे: प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्यांसाठी

एचआयव्ही टी-पेशीत शिरतो तो दोन प्रथिनांना धरून. आधी सीडी४, मग सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४. सीडी४ हा या विषाणूचा रिसेप्टर आहे हे १९८४ मध्ये कळलं, त्याच्या जोडीचे सहरिसेप्टर सापडायला १९९६ साल उजाडलं. पण ही प्रथिनं विषाणूच्या सोयीसाठी पेशीपटलावर बसलेली नाहीत. सीडी४ समोरच्या पेशीवरच्या एमएचसी वर्ग-२ ला (प्रथिनांचे तुकडे टी-पेशीला दाखवणाऱ्या प्रथिनाला) धरतं आणि आतल्या बाजूनं एलसीके नावाचं काइनेज, म्हणजे संदेश पुढे देणारं विकर, टी-सेल रिसेप्टरजवळ आणून ठेवतं. त्यामुळे संदेश नीट पोचतो आणि पेशी सक्रिय होते. सीसीआर५ चं काम केमोकाइनचा, म्हणजे पेशींना बोलावणाऱ्या संदेश-प्रथिनांचा, माग काढत पेशीला दाह असलेल्या जागी नेण्याचं. म्हणजे सक्रियता आणि संसर्ग या दोन्ही गोष्टी एकाच पटलावर, बऱ्याचदा त्याच प्रथिनांतून घडतात. म्हणून प्रतिकारशास्त्राचा विद्यार्थी असो की विषाणूशास्त्राचा, दोघंही शेवटी फ्लो सायटोमीटरसमोर, म्हणजे रंगीत अँटिबॉडी लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रासमोर, येऊन बसतात. सीसीआर५ सोबत तिथे सीडी६९ आणि सीडी२५ मोजतात, टी-पेशी सक्रिय झाल्याच्या या पटलावरच्या खुणा.

ताज्या रक्तापासून त्या यंत्रावरच्या आकड्यापर्यंतची वाट इथे क्रमानं दिली आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा. पृष्ठभागावर किती प्रथिन दिसतं हे जसं पेशीवर अवलंबून असतं, तसंच तुम्ही तिला कसं हाताळलंत यावरही असतं. रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं, पेशी कशानं उत्तेजित केल्या, कितव्या तासाला काढल्या, अँटिबॉडी किती तापमानाला लावली, यातली एक गोष्ट बदलली की आकडा बदलतो. खालची प्रत्येक पायरी याच धोक्याभोवती आखलेली आहे.

१. रक्ताला हात लावण्याआधीची कागदपत्रं

भारतात मानवी रक्तावर काम करायचं तर हे हातात हवं:

- संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी. निरोगी दात्याचं १० मि.लि. रक्त असलं तरी लागते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवूनच अर्ज लिहा.
- दात्याला समजेल अशा भाषेतलं संमतिपत्र. दाता मराठी वाचणारा असेल तर मराठीत. मराठी मसुदाही समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. इंग्रजी मसुदा मंजूर झाला म्हणून मराठी आपोआप चालतो असं नाही, आणि इथेच अनेकांचे आठवडे जातात.
- विषाणू, स्यूडोव्हायरस (पेशीत एकदाच शिरणारा, पुढे न वाढणारा बनावट विषाणू) किंवा जनुकबदल केलेल्या पेशी वापरणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी.
- हिपॅटायटिस-बी लशीचे तीन डोस पूर्ण झाल्याची नोंद. ०, १ आणि ६ महिने असं वेळापत्रक असतं, तेव्हा प्रकल्पात नाव लागताच पहिला डोस घ्या.
- सुई टोचली तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा याची चिठ्ठी भिंतीवर लावलेली हवी. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं.

यंत्र तुमच्या विभागात नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये फ्लो सायटोमेट्रीची सामायिक सुविधा आहे. बाहेरच्या यंत्रावर नमुना न्यायचा असेल तर तो फिक्स केलेला (रसायनानं पेशी मारून आहे तशा स्थिर केलेला) हवा का, हे वेळ आरक्षित करतानाच विचारून घ्या.

२. काय मोजायचं आणि कितव्या तासाला

- सीडी६९ सर्वांत आधी येतं. दोन-चार तासांत दिसू लागतं, दिवसभराच्या आसपास शिखर गाठतं आणि मग उतरू लागतं. ७२ तासांनी बघून ‘पेशी सक्रिय झाल्याच नाहीत’ असा निष्कर्ष काढणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक.
- सीडी२५ ही आयएल-२ च्या (टी-पेशी वाढवणाऱ्या संदेश-प्रथिनाच्या) रिसेप्टरची अल्फा साखळी. २४ तासांना वर आलेली असते आणि ४८ ते ७२ तासांना भरात असते. नियामक टी-पेशींवर ती मुळातच असते, त्यामुळे न उत्तेजित केलेल्या नमुन्यातही सीडी४ पेशींमध्ये थोडं सीडी२५ दिसणारच. तो दोष नव्हे.
- एचएलए-डीआर उशिरा येतं, साधारण तिसऱ्या दिवशी.
- सीसीआर५ ताज्या रक्तात प्रामुख्यानं स्मृती-पेशींवर सापडतो, नवख्या (अजून कशाशीही सामना न झालेल्या) टी-पेशींवर जवळजवळ नसतो. सीएक्ससीआर४ चं उलट, तो नवख्या पेशींवर भरपूर असतो.

सीसीआर५ च्या बाबतीत माणसामाणसांत फार फरक असतो. जनुकातून ३२ बेसजोड्या गळालेली अॅलील, म्हणजे जनुकाची आवृत्ती, आई-वडील दोघांकडून आलेल्या माणसाच्या पेशींवर हा रिसेप्टर दिसतच नाही, एकाकडूनच आली तर कमी दिसतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत ही अॅलील सुमारे १० टक्के आढळते, भारतात ती फार विरळ. म्हणून पुण्या-मुंबईच्या दात्यात सीसीआर५ दिसला नाही तर आधी स्वतःची स्टेनिंग (पेशींना रंगीत अँटिबॉडी लावणं) तपासा, जनुकांकडे नंतर वळा.

पहिल्या खेपेला ६, २४ आणि ७२ असे तीन तास पुरेत.

३. उत्तेजक निवडताना घाई नको

या पायरीवर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त विचार करा, कारण इथला निर्णय पुढे सुधारता येत नाही.

फायटोहेमॅग्लुटिनिन, म्हणजे सगळे म्हणतात ते पीएचए, ५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. स्वस्त, भरवशाचं. टी-पेशींना मोठ्या संख्येनं उठवतं. चाचणी चालते का हे तपासायला उत्तम.

सीडी३ आणि सीडी२८ विरोधी अँटिबॉडी. सीडी३ ची प्लेटच्या तळाला चिकटवायची: पीबीएसमध्ये (पेशींना मानवणाऱ्या खारट बफरमध्ये) १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., ४ अंशांना रात्रभर, सपाट बुडाच्या प्लेटमध्ये. सकाळी दोनदा धुवा. सीडी२८ ची १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. द्रवातच टाकतात. नाही तर दोन्ही बसवलेले चुंबकी मणी घ्या, एका पेशीला एक मणी या प्रमाणात. शरीरातल्या प्रक्रियेच्या जास्त जवळ जाणारा मार्ग हाच.

पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयोनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. ही जोडी पटलावरचे रिसेप्टर वगळून थेट आतली यंत्रणा चालू करते. सायटोकाइन, म्हणजे पेशी सोडतात ती संदेश-प्रथिनं, मोजायला ठीक. पण पीएमएनं सीडी४ काही तासांत पृष्ठभागावरून आत ओढलं जातं. मग ‘सीडी४ पेशी कुठे गेल्या?’ म्हणून शोधाशोध सुरू होते. त्या तिथेच असतात, फक्त खूण पुसलेली असते. पटलावरची प्रथिनं हाच विषय असेल तर पीएमए टाळलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टी-पेशी कशानं उठवली यावर तिच्यावर सीसीआर५ राहील की जाईल हे ठरतं. पीएचए देऊन पुढे आयएल-२ मध्ये काही दिवस वाढवलेल्या पेशींवर सीसीआर५ वाढतो आणि सीसीआर५ वापरणारा एचआयव्ही त्यांत सहज वाढतो. सीडी३ आणि सीडी२८ च्या अँटिबॉडी मण्यावर पक्क्या बसवून त्याच पेशी उठवल्या तर सीसीआर५ खाली जातो आणि त्या त्याच विषाणूला दाद देत नाहीत. सीएक्ससीआर४ वापरणारा विषाणू मात्र त्यांत शिरतो. हे काम १९९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. दोन्हीकडच्या पेशी सीडी६९ आणि सीडी२५ च्या हिशेबानं ‘सक्रिय’च असतात. त्यामुळे ‘पेशी सक्रिय केल्या’ एवढंच वहीत लिहून चालत नाही. कशानं, किती, किती वेळ आणि अँटिबॉडी द्रवात होती की मण्यावर, हे चारही लिहा.

आणखी एक सापळा. सायटोकाइनही मोजायचं म्हणून ब्रेफेल्डिन ए (पेशीतून प्रथिनं बाहेर जाणं अडवणारं रसायन) सुरुवातीलाच टाकलं तर नव्यानं तयार झालेलं सीडी६९ पृष्ठभागावर पोचतच नाही. अशा वेळी सीडी६९ पेशी सच्छिद्र केल्यावर आतून रंगवावं लागतं.

४. सामानाची यादी

- सोडियम हेपॅरिनची हिरव्या टोपणाची ट्यूब. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून पेशींचं काम बघायच्या चाचणीला हेपॅरिन बरं. त्याच रक्तातून पीसीआरही करायचा असेल तर वेगळी ईडीटीए ट्यूब घ्या, कारण हेपॅरिन पीसीआरला अडवतं.
- १.०७७ घनतेचं फायकॉल (घनतेनुसार रक्तपेशी वेगळ्या करणारं द्रव), पीबीएस, ५० मि.लि.च्या शंकूबुडाच्या ट्यूब.
- माध्यम: आरपीएमआय-१६४०, त्यात उष्णतेनं निष्क्रिय केलेला १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), २ मिलिमोलर ग्लुटामिन, १०० युनिट प्रति मि.लि. पेनिसिलिन आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. स्ट्रेप्टोमायसिन.
- स्टेनिंग बफर: पीबीएस, २ टक्के एफबीएस, २ मिलिमोलर ईडीटीए. काही जण यात ०.१ टक्का सोडियम अझाइड घालतात, त्यानं प्रथिनं आत ओढली जाणं थांबतं. ते विषारी आहे, धातूच्या नळातून ओतू नका, आणि पुन्हा वाढवायच्या पेशींना लावू नका.
- ट्रायपॅन ब्लू ०.४ टक्के, न्यूबॉअर चेंबर, एफसी ब्लॉक, १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइड, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट.

निळा आणि लाल असे दोन लेसर असलेल्या सहा रंगांच्या यंत्रासाठी चालेल अशी मांडणी: सीडी४ एफआयटीसीवर, सीसीआर५ पीईवर, सीडी८ पर्सीपी-सीवाय५.५ वर, सीडी६९ पीई-सीवाय७ वर, सीडी२५ एपीसीवर. सहावा रंग टाकाऊ पेशींचा: एपीसी-सीवाय७ वरचं सीडी१४ आणि मृत पेशी ओळखणारा निअर-इन्फ्रारेड रंग, दोन्ही एकाच डिटेक्टरमध्ये. मोनोसाइटवरही थोडं सीडी४ असतं, म्हणून सीडी१४ नं त्यांना बाहेर काढणं जरुरीचं. मांडणीमागचा नियम साधा आहे. जे प्रथिन पेशीवर भरपूर असतं, जसं सीडी४, त्याला मंद रंग. जे थोडं असतं, जसं सीसीआर५, त्याला पीईसारखा तेजस्वी.

यादीत सीडी३ नाही, ते मुद्दाम. सीडी३ विरोधी अँटिबॉडीनं उत्तेजित केलेल्या पेशीवरचं सीडी३ आत ओढलं जातं आणि उरलेल्याची जागा त्याच अँटिबॉडीनं अडवलेली असते. सीडी३ वर गेट (यंत्रावर हव्या त्या पेशी निवडणारी चौकट) लावलंत तर नेमक्या सर्वांत सक्रिय पेशी हातून सुटतील.

५. रक्तातून पेशी वेगळ्या करणं

रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा, फ्रिजमध्ये नाही, आणि आठ तासांच्या आत काम सुरू करा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातून नमुना येणार असेल तर जाड थर्मोकोलच्या डब्यातून आणा, पण बर्फावर ठेवू नका. शिळ्या किंवा थंड झालेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइटची घनता बदलते आणि त्या आपल्या थरात येऊन बसतात.

१० मि.लि. रक्तात १० मि.लि. पीबीएस मिसळा. ५० मि.लि.च्या ट्यूबमध्ये १५ मि.लि. फायकॉल घ्या, तेही खोलीच्या तापमानाचं. ट्यूब तिरपी धरून रक्त भिंतीवरून अगदी हळू सोडा. दोन द्रवांमधली रेघ स्वच्छ दिसली पाहिजे, ती ढवळली गेली तर थर मिळणार नाही.

४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. इथे जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल ते, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. सूत्र असं: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सें.मी.मध्ये × आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या १६ सें.मी. असेल तर ४०० जीसाठी साधारण १५०० आरपीएम लागतात, १० सें.मी. असेल तर सुमारे १९००. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या वहीतला आरपीएम तसाच उचलू नका. ब्रेक चालू राहिला तर शेवटच्या मिनिटाला सगळे थर मिसळतात, म्हणून झाकण बंद करण्याआधी ती एक सेटिंग पुन्हा बघा.

वर पिवळसर प्लाझ्मा, त्याखाली धुरकट पांढरं कडं, मग फायकॉल, तळाला लाल पेशी. ते कडं पाश्चर पिपेटनं गोल फिरवत उचला. फायकॉल जितकं कमी येईल तितकं चांगलं, ते पेशींना तळाशी बसू देत नाही. पीबीएसनं ट्यूब भरून ३०० जी, १० मिनिटं. दुसरी धुलाई २०० जी, १० मिनिटं, म्हणजे प्लेटलेट वर राहून ओतल्या जातात. ही दुसरी धुलाई गाळू नका. पेशींना चिकटलेल्या प्लेटलेट स्वतःची पटलप्रथिनं सोबत आणतात आणि पुढे खोटे सिग्नल देतात.

६. मोजणी आणि प्लेट

पेशी आणि ट्रायपॅन ब्लू समप्रमाणात मिसळून तीन-चार मिनिटांत मोजा, उशीर केला तर जिवंत पेशीही निळ्या होऊ लागतात. चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांची सरासरी ५० आली तर ५० × २ × १०,००० = १० लाख प्रति मि.लि. ताज्या पेशींत ९५ टक्क्यांच्या वर जिवंत असायला हव्यात.

१० मि.लि. रक्तातून साधारण एक ते दीड कोटी पेशी मिळतात. हिशेब करू. तीन अवस्था (काही न देता, पीएचए, सीडी३ सोबत सीडी२८) आणि तीन वेळा म्हणजे नऊ नमुने. प्रत्येकी ६ लाख धरले तर ५४ लाख. नियंत्रणांना आणखी पाच ट्यूब, प्रत्येकी ५ लाख, म्हणजे २५ लाख. एकूण ८० लाखांच्या आसपास. बसतं, पण फार उरत नाही.

९६ कप्प्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक कप्प्यात २०० मायक्रोलिटरमध्ये २ लाख पेशी घाला आणि तीन कप्पे एकत्र करून एक नमुना बनवा. कडेचे कप्पे लवकर सुकतात, त्यांत नुसतं पीबीएस भरा. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

७. स्टेनिंग

१. पेशी पिपेटनं अलगद वरखाली करून काढा. तळाला चिकटलेल्यांसाठी थंड पीबीएसमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए पाच-दहा मिनिटं. ट्रिप्सिन नको. ते पृष्ठभागावरची प्रथिनंच कापतं आणि आपण तीच मोजायला निघालो आहोत. मणी वापरले असतील तर पेशी झटकून मोकळ्या करा आणि मणी चुंबकावर काढा.

२. मृत पेशींचा रंग नुसत्या पीबीएसमध्ये लावा, बफरमध्ये एफबीएस किंवा ट्रिस असेल तर रंग त्यालाच चिकटून संपतो. अंधारात, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं.

३. स्टेनिंग बफरनं धुवा, मग एफसी ब्लॉक १० मिनिटं. हे न केल्यास अँटिबॉडी मोनोसाइट आणि बी-पेशींना शेपटीकडून चिकटते.

४. सीसीआर५ ची अँटिबॉडी आधी एकटी लावा, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं.

५. मग उरलेल्या अँटिबॉडी, एकूण आकारमान १०० मायक्रोलिटर, ४ अंशांना अंधारात ३० मिनिटं.

६. दोनदा धुवा, ४०० जी, ५ मिनिटं. सगळं द्रव एकदम झटकू नका, पेलेट बारीक असतं.

७. १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये २० मिनिटं ठेवून धुवा आणि २४ तासांच्या आत यंत्रावर चालवा. पीई-सीवाय७ आणि एपीसी-सीवाय७ हे जोडरंग आहेत. उजेडात आणि फिक्सेटिव्हमध्ये जास्त वेळ राहिले तर जोड तुटते आणि सीडी६९ चा सिग्नल सीसीआर५ च्या पीई डिटेक्टरमध्ये दिसू लागतो. सीसीआर५ अचानक सगळीकडे वाढलेला दिसला तर पहिला संशय याचा घ्या.

सीसीआर५ ला वेगळी वागणूक का, हे समजून घ्या. केमोकाइन रिसेप्टर पृष्ठभाग आणि आतल्या पुटिकांमध्ये सतत ये-जा करतात. सीसीएल५ सारखं त्याचं स्वतःचं केमोकाइन माध्यमात असेल तर रिसेप्टर आत जातो, आणि सक्रिय केलेल्या सीडी८ पेशी नेमकं तेच केमोकाइन बाहेर टाकत असतात. म्हणजे मिश्र पेशींच्या कप्प्यात सीसीआर५ कमी दिसला तर जनुक बंद झालंय की रिसेप्टर नुसता आत गेलाय, हे या एका आकड्यावरून सांगता येत नाही. शेजारी सीडी८ पेशी काढून टाकलेला एक कप्पा ठेवला तर फरक कळतो. अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे तिचा नेमका वाण, हाही महत्त्वाचा: २डी७ हा सीसीआर५ च्या बाहेरच्या दुसऱ्या वेटोळ्याला धरतो, ३ए९ टोकाकडच्या भागाला. दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. आणि दात्याच्या अंगात मुळात किती सीसीआर५ आहे हा प्रश्न असेल तर फायकॉलवर न जाता पूर्ण रक्तच रंगवा आणि लाल पेशी नंतर फोडा.

अँटिबॉडीचं प्रमाण बाटलीवरचं घेऊ नका. दुपटी-दुपटीनं पातळ केलेली आठ प्रमाणं लावून बघा आणि जिथे सकारात्मक व नकारात्मक गटांतलं अंतर नकारात्मक गटाच्या पसाऱ्याच्या तुलनेत सर्वांत जास्त असेल ते घ्या. बऱ्याचदा कंपनीच्या निम्म्यावर भागतं, पैसेही वाचतात.

८. नियंत्रणं

- रंग न लावलेल्या पेशी, त्याही उत्तेजित केलेल्या. फुगलेल्या पेशी मुळातच जास्त चमकतात.
- प्रत्येक रंगाची एकेरी ट्यूब, कॉम्पेन्सेशनसाठी (एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडतो तो वजा करण्यासाठी), मण्यांवर. ती नमुन्याइतकी किंवा त्याहून तेजस्वी हवी आणि जोडरंगांसाठी त्याच लॉटची अँटिबॉडी हवी.
- मृत पेशींच्या रंगासाठी खऱ्या पेशी लागतात, कारण अँटिबॉडी पकडणारे साधे मणी तो घेत नाहीत. थोड्या पेशी ६५ अंशांना ५ मिनिटं ठेवून माराव्यात आणि तितक्याच जिवंत पेशींत मिसळाव्यात.
- सीडी६९, सीडी२५ आणि सीसीआर५ साठी एकेक एफएमओ, म्हणजे तो एक रंग सोडून बाकी सगळे लावलेली ट्यूब. गेटची रेघ इथून ठरवा. आयसोटाइप नियंत्रणावरून (त्याच वर्गाच्या, पण कुठल्याच लक्ष्याला न धरणाऱ्या अँटिबॉडीवरून) रेघ मारण्याची जुनी सवय सोडा, ते फक्त चिकटेपणा किती आहे एवढंच सांगतं.

९. यंत्रावर आणि गेट लावताना

क्रम: एफएससी-ए विरुद्ध एफएससी-एच वर (आकाराच्या सिग्नलचं क्षेत्रफळ विरुद्ध उंची) एकमेकींना चिकटलेल्या पेशी वगळा, टाकाऊ डिटेक्टरमधल्या वगळा, मग आकार आणि कणीदारपणावर लिम्फोसाइट, मग सीडी४ आणि सीडी८. नैसर्गिक मारक पेशींवरही फिकं सीडी८ असतं, म्हणून सीडी८ चा तेजस्वी गटच घ्या.

सक्रिय झालेली टी-पेशी फुगते. ताज्या रक्तावर आखलेलं लिम्फोसाइटचं गेट ७२ तासांच्या नमुन्याला तसंच लावलं तर उजवीकडे सरकलेल्या, खऱ्या सक्रिय पेशी गेटबाहेर पडतात आणि सीडी२५ चा टक्का उलट कमी येतो. गेट रुंद ठेवा आणि सगळ्या नमुन्यांना तेच लावा.

किती पेशी मोजाव्यात? शंभर सकारात्मक पेशींवर नुसत्या मोजणीची चूक सुमारे १० टक्के असते, चारशेंवर ५ टक्के. काही न दिलेल्या नमुन्यात १ टक्का सीडी६९ असेल तर शंभर पेशी मिळवायलाच १०,००० सीडी४ पेशी लागतात. २०,००० च्या खाली थांबू नका, आणि यंत्राचा वेग कमी ठेवा.

निकाल दोन आकड्यांत द्या: किती टक्के पेशी सकारात्मक, आणि त्यांच्या तेजाचा मध्यक. नुसत्या टक्क्यात बराच तपशील हरवतो. ९० टक्के पेशी सीडी४ सकारात्मक राहूनही प्रत्येकीवरचं सीडी४ निम्म्यावर आलेलं असू शकतं.

१०. विषाणू आणायचा असेल तर

जिवंत एचआयव्ही वाढवणं हे त्यासाठी बांधलेल्या, परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच, प्रशिक्षित माणसासोबत. नवख्यानं स्यूडोव्हायरसपासून सुरुवात करावी. तो एकदाच शिरतो, पुढे वाढत नाही. सोबत टीझेडएम-बीएल पेशी वापरतात. त्यांच्यावर सीडी४, सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४ तिन्ही आहेत आणि विषाणू आत गेला की ल्युसिफरेज तयार होतं, ४८ तासांनी उजेड मोजायचा. या पेशी ट्रिप्सिननं सोडवल्यावर पटलप्रथिनं परत यायला वेळ द्यावा लागतो, म्हणून आदल्या संध्याकाळी पेरून ठेवा.

विषाणू कुठला सहरिसेप्टर वापरतो हे अडवून बघतात. मॅराव्हिरॉक सीसीआर५ अडवतं, प्लेरिक्साफॉर सीएक्ससीआर४. एका कप्प्यात पहिलं, एकात दुसरं, एकात दोन्ही, एकात काहीच नाही. दोन्ही असतानाही उजेड येत असेल तर औषधाचं प्रमाण कमी पडतंय किंवा विषाणू या मार्गानं शिरतच नाही. दुसरी शक्यता तपासायला सीडी४ नसलेल्या पेशींचा एक कप्पा ठेवा.

संसर्ग झालेल्या टी-पेशींवर फ्लो करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा गोंधळात टाकते. एचआयव्ही आत गेल्यावर त्याची नेफ आणि व्हीपीयू ही प्रथिनं सीडी४ पटलावरून उतरवतात. नेफ एमएचसी वर्ग-१ चे काही प्रकारही खाली आणतं, त्यामुळे मारक टी-पेशींना ती पेशी ओळखणं अवघड होतं. परिणामी पी२४ (विषाणूच्या गाभ्याचं प्रथिन) सकारात्मक पेशी बऱ्याचदा सीडी४ नकारात्मक दिसतात. सीडी४ वर गेट लावून पी२४ शोधलं तर संसर्ग खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. इथे टी-पेशी पीएचएनं उठवा म्हणजे सीडी३ जागेवर राहतं, आणि सीडी३ सकारात्मक, सीडी८ नकारात्मक असं गेट लावा. पी२४ पेशीच्या आत असतं, म्हणून पृष्ठभागाचं स्टेनिंग आणि फिक्सिंग संपल्यावर पेशी सच्छिद्र करून ते रंगवायचं.

गोवरावर काम करणाऱ्यांना हीच पद्धत थोड्या बदलानं चालते. गोवराचा रानटी विषाणू लिम्फोसाइटवरच्या स्लॅम, म्हणजे सीडी१५० ला धरतो आणि हे प्रथिन पेशी सक्रिय झाली की वाढतं. लशीतला विषाणू त्याखेरीज सीडी४६ ही वापरू शकतो, जे केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक मानवी पेशीवर असतं. म्हणून लशीच्या विषाणूवर प्रयोग करून रानटी विषाणूबद्दल बोलायचं असेल तर पॅनेलमध्ये सीडी१५० आणि सीडी४६ दोन्ही ठेवा आणि सक्रिय न केलेला नमुना सोबत चालवा.

द्रव कचऱ्यात १ टक्का हायपोक्लोराइट घालून किमान ३० मिनिटं ठेवा. हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. टिप आणि ट्यूब लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भेदणाऱ्या डब्यात, काच निळ्या डब्यात.